किल्ल्यावर गेलेली आठ माणसं

कुवेतमध्ये डोंगर नाही हे मराठी माणसाच्या पहिली दोन वर्षं लक्षातच येत नाही. तिसऱ्या वर्षी कधीतरी येतं, आणि तिथून पुढे तो चिडचिडा होतो. मी गेली चौदा वर्षं चिडचिडा आहे. माझी बायको वीणा म्हणते, त्याचा डोंगराशी काही संबंध नाही. पण ते असो.

तर अशा या सपाट देशात, शहराबाहेर मुत्ला नावाचा वाळूचा उंचवटा आहे त्याच्या पलीकडे, एका बड्या साहेबांनी ट्रकांनी माती आणून टेकडी रचली आहे आणि तिच्यावर जपानी किल्ला बांधला आहे, हे मला ऑफिसात बसल्या बसल्या कळलं. मी लिफ्टच्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे लिफ्ट दुसरे दुरुस्त करतात, ती दुरुस्त झाली असं कागदावर मी ठरवतो. त्या किल्ल्यात आमची एक लिफ्ट होती. किल्ल्यात लिफ्ट कशाला, असं मीही विचारलं. त्याचं असं, की या साहेबांनी चाळीस वर्षं जपानशी धंदा केला. तिकडे एका टेकडीवरचा किल्ला त्यांच्या मनात भरला. तो मूळचा केव्हाच जळलेला; जपान्यांनी तो सिमेंटमध्ये परत उभा केलेला, आत म्हाताऱ्यांसाठी लिफ्ट घालून. साहेबांनी त्या परत उभ्या केलेल्या किल्ल्याची हुबेहूब नक्कल इथे उभी केली, लिफ्टसकट. म्हणजे नकलेची नक्कल. पण आपल्याला काय, गड तो गड.

त्या लिफ्टच्या फायलीत अकरा तक्रारी होत्या. अकराही एकच: 'लिफ्ट रिकामी असताना आपोआप पाचव्या मजल्यावर जाते व दार उघडून उभी राहते.' खाली सही, अशरफ, वॉचमन. अकराही तक्रारींवर मी 'वापरणाऱ्याची चूक' असा शेरा मारून त्या बंद केल्या होत्या. रिकाम्या लिफ्टचा वापरणारा कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. डॉक्युमेंट कंट्रोलरला असले प्रश्न पडायला लागले तर कंपन्या चालायच्या नाहीत.

मी हे बिल्डिंगमध्ये बोललो आणि तिथेच घात झाला. बनेद अल-गारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एखादी गोष्ट जिन्यात बोलली की ती आपली राहत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा धैर्यशील साताऱ्याचा. गड म्हटलं की याच्या अंगात येतं. तो बनियनवरच खाली आला. "दोर घे. टॉर्च घे. गूळ-खोबरं घे. वर गेल्यावर आधी पाण्याचं टाकं कुठे आहे ते बघ. आणि तटबंदीचा फोटो मला पाठव, मी सांगतो किती दिवस टिकेल ते." तूच चल की, म्हटलं, तर कंबर धरून बसला.

खालच्या मजल्यावरच्या खैरुन्निसाभाभी मात्र उड्याच मारायला लागल्या. "अशरफ? अवो सुधीरभाऊ, तो माझा सख्खा मामेभाऊ! शनवारी सकाळच्या विमानानं चाललाय दाभोळला. रविवारी त्याच्या माहीनचा निकाह हाय. तीन वर्षांनी घरी चाललाय बिचारा. माझा अहेर पोचवायचाय त्याच्याकडं. मी पण येते, बस्स!"

अहेर घेऊन किल्ल्यावर जायचं, ही पद्धत मी तरी प्रथमच ऐकत होतो.

आता परवानगी. साहेब पाहुण्यांना आत सोडत नाहीत, फक्त कामाच्या माणसांना सोडतात. आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारदरबारी कागद फिरवणारा माणूस, त्याने तीन चहा घेऊन तोड काढली. अरबीतलं पत्र, त्यावर शिक्का, चौघांच्या सिव्हिल आयडीच्या प्रती. पहिलं पत्र परत आलं, कारण त्यात माझ्या आजोबांचं नाव नव्हतं. दुसरं परत आलं, कारण आजोबांचं नाव होतं पण वीणाच्या आजोबांच्या जागीही माझ्याच आजोबांचं नाव लिहिलं होतं, आणि त्या हिशेबाने आमचं लग्नच बेकायदा ठरत होतं. तिसरं पास झालं. त्याप्रमाणे लिफ्ट तपासणी पथकात मी प्रमुख होतो, वीणा विजेचं काम बघणार होती, आमची दहावीतली अक्षरा शिकाऊ होती आणि खैरुन्निसाभाभी सुरक्षा अधिकारी.

"बाबा, दिस इज लिटरली फ्रॉड," अक्षरा म्हणाली.

"हा फ्रॉड नाही. हे कागद आहेत," मी म्हणालो. चौदा वर्षांत मी शिकलेलं एवढंच.

जानेवारीतला शुक्रवार. घरून निघालो तेव्हा स्वच्छ ऊन होतं. मुत्ला ओलांडला आणि धुकं आलं. इथलं हिवाळ्यातलं धुकं विचित्र असतं. ते वरून उतरत नाही, वाळूतून निघतं. रस्त्याच्या कडेचे उंट आधी पाय नसलेले दिसले, मग दिसेनासेच झाले. बोलता बोलता गाडीतलं बोलणं बंद पडलं. भाभींनी मांडीवरचं अहेराचं गाठोडं घट्ट धरलं. आणि मग समोर, जिथे काहीच असायला नको तिथे, एकावर एक पाच छपरं दिसली. खाली टेकडी दिसत नव्हती. नुसती काळी छपरं, हवेत ठेवल्यासारखी, आणि सगळ्यात वरच्या छपराच्या दोन टोकांना दोन सोनेरी मासे, शेपट्या वर करून आमच्याकडे बघणारे.

"यू-टर्न घ्या," वीणा म्हणाली. मी ऐकायला हवं होतं. पण पथकप्रमुख होतो ना.

टेकडी चढून गेल्यावर मोठ्या दगडी जोत्यापाशी अशरफ उभा होता. पंचावन्न-छप्पन्नचा, पांढरी दाढी, लोकरीची टोपी, एक गुडघा आखडलेला. भाभींना बघून त्याचे डोळे भरले. गाठोडं त्याने दोन्ही हातांनी घेतलं आणि केबिनमध्ये बॅगेवर नेऊन ठेवलं. बॅग दोरीने बांधून तयार होती. वर मार्करने लिहिलं होतं: दाभोळ.

"सगळी तयारी झाली," तो म्हणाला, "एक एक्झिट परमिट तेवढं राह्यलंय. हल्ली कंपनीनं फोनवर बटण दाबल्याबगर देशाबाहेर जाता येत नाय ना. मुदीर, म्हंजे आमचा मॅनेजर, म्हनला, आजचा रिपोर्ट साफ आला की पाच वाजता दाबतो. मागल्या वर्षी एक रंगारी चुकून रातभर आत अडकला, तवापासून लय कडक झालेत. आत गेली तेवढी मानसं पाचाच्या आत बाहेर. एक जरी मागेपुढे झाला, की चौकशी. चौकशी लागली की महिना गेला." मग हसून म्हणाला, "पर तुम्ही घरचीच मानसं. चारजण. बूट तेवढे पेटीत ठेवा, कुलपाची पट्टी खिशात ठेवा, आन् आरामात बघा."

आता मला जे सांगायचं आहे ते मी एकदाच सांगणार आहे, आणि त्यावर कोणी हसलेलं मला चालणार नाही.

लग्नानंतर आम्ही जेजुरीला गेलो तेव्हा माझे नवेकोरे बूट चोरीला गेले आणि मी भर मे महिन्यात सासऱ्यांच्या देखत अनवाणी उड्या मारत गड उतरलो. तेव्हापासून जिथे म्हणून पादत्राणं काढायची तिथे मी एक पाय एकीकडे आणि दुसरा पाय दुसरीकडे ठेवतो. एक बूट कोण चोरणार? साधा, शास्त्रशुद्ध उपाय आहे. आपल्याकडे शेकडो शहाणी माणसं तो करतात. मात्र दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत मी डावा बूट कुठे ठेवला ते विसरलो, आरती थांबवून साठ माणसं तो शोधत होती, आणि तो कार्यक्रमाच्या अध्यक्षांच्या खुर्चीखाली निघाला. त्या दिवशी वीणाने माझ्याकडून अक्षराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की हा प्रकार पुन्हा करणार नाही.

समोर लाकडी पेट्यांची भिंत होती. प्रत्येक पेटीला लाकडाची चपटी पट्टी. ती काढली की पेटीला कुलूप. कुलूप म्हणजे काय तर लाकूड! माझ्या पायात त्याच आठवड्यात घेतलेले बूट. चौघांचे जोड एका रांगेत ठेवायचे म्हणजे चोराला आमंत्रणच.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. "बूट मी ठेवतो सगळ्यांचे."

"सगळ्यांचे?" वीणाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की वीस वर्षांच्या संसाराचं सार्थक व्हावं. ती गेली. मी चार डावे बूट डावीकडच्या चार पेट्यांत ठेवले, चार उजवे उजवीकडच्या चार पेट्यांत ठेवले, आणि आठ पट्ट्या कोटाच्या आतल्या खिशात टाकल्या. मला फार बरं वाटलं.

आत काळोख नव्हता, पण उजेडही नव्हता. तळमजल्यावर लांबच लांब बोळ, दोन्हीकडे पांढरे कागदी पडदे, आणि खाली लाकडी फळ्या. पहिलं पाऊल टाकलं आणि फळी चिवचिवली. करकरली नाही हो, चिवचिवली, चिमणीसारखी. अक्षराने फोनवर वाचलेलं होतं, की जुने जपानी राजे मुद्दाम अशी जमीन करून घेत; चोर आला तर आवाज व्हावा म्हणून. आम्ही चौघं मोज्यांवर चाललो तर खाली चिमण्यांचा थवा. मजा वाटली. बोळाच्या टोकाला आम्ही थांबलो.

चिवचिवाट थांबला नाही. आमच्या मागे चार पावलं आणखी वाजली. सावकाश. मग एक पाचवं. मग थांबलं.

"सेन्सर असेल," अक्षरा म्हणाली, पण मराठीत म्हणाली. ती मराठीत बोलली तेव्हाच मला घाम फुटला.

दुसऱ्या मजल्यावर काचेमागे चिलखतं बसवली होती. माणसं नाहीत, नुसती चिलखतं, मांडी घालून बसलेली, आणि शिरस्त्राणाखाली जिथे तोंड असायचं तिथे काळी पोकळी. भाभींनी सगळ्यांना सलाम केला. "करून ठेवलेला बरा," त्या कुजबुजल्या. जिना शिडीसारखा उभा, एकेक पायरी गुडघ्याएवढी. वीणा पुढे, मी मागे. संकटात मी नेहमी मागून लक्ष ठेवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद खिडकीतून बाहेर पाहिलं तर बाहेर काहीच नव्हतं. धुकं खिडकीला टेकलं होतं. खालचं जग कोणी पुसून टाकलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं. आणि भिंतीच्या आतून, आमच्या अगदी जवळून, लिफ्ट वर गेली. रिकामी लिफ्ट वर जाताना कसा आवाज करते ते मला ठाऊक आहे. ही रिकामी नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला आणि भाभी किंचाळल्या. फोन अशरफचा होता.

"साहेब, तुम्ही वर किती जण हाय?"

"चार. का हो?"

 तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "हितं केबिनातल्या बोर्डावर आठ दाखवतंय. आठ मानसं आत गेलीत. साहेब, तुमच्यासंगं आनखी चार कोण हाय?"

फोन स्पीकरवर होता. माझ्या दुर्दैवाने.

वीणाने अक्षराला जवळ ओढलं आणि रामरक्षा सुरू केली. भाभींनी आयतुल कुर्सी सुरू केली. दोघींचा वेग एकच, आणि दोघींचं एकमेकींचा हात धरून चाललेलं. वरून आमच्या डोक्यावर कुणीतरी चाललं. मी मोजलं. तीन पावलं खिडकीकडे, आणि मग काही नाही. माझे दात वाजत होते हे मी मान्य करतो. पण थंडी होती.

रुमाल काढायला म्हणून कोटाच्या खिशात हात घातला, आणि आत आठ लाकडाच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्या.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पेट्या! आत किती माणसं गेली ते पेट्या मोजत होत्या. एक पेटी लागली की एक माणूस. ती चार जास्तीची माणसं म्हणजे माझे चार जादा बूट!

एखाद्या सरळ माणसाने तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. पण समोर वीणा, जिला मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, आणि ती मुलगीही समोरच. मी विचार केला, गुपचूप खाली जावं, बूट एकत्र करावेत, पट्ट्या लावून टाकाव्यात, आणि बोर्डच बिघडला होता म्हणावं. बिघडल्याचे कागद करण्यात माझा हात कोण धरणार?

"तुम्ही इथेच थांबा, हलू नका," मी म्हणालो. "मी बघून येतो."

"एकटे?" वीणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नको ना. काही झालं तर?" इतकं प्रेम मला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं, आणि ते असल्या कारणाने मिळावं याची मला लाज वाटली. पण गेलो.

लिफ्टचं बटण मी दाबलं नाही. दार आपणच उघडलं. आत शिरून तळमजला दाबला. लिफ्ट वर गेली. पाचव्या मजल्यावर दार उघडलं आणि ती उभी राहिली. मी बटणं दाबली, लाथ मारली, कंपनीचं नाव घेऊन शिव्या दिल्या. काही नाही. 'वापरणाऱ्याची चूक' हे शब्द माझ्याच अक्षरात मला डोळ्यांसमोर दिसायला लागले.

पाचवा मजला रिकामा होता. एकच मोठी खोली, एकच मोठी खिडकी. खिडकीपाशी लाकडावर धूळ नव्हती. दोन कोपरं टेकून कुणी रोज उभं राहावं, तेवढ्या दोन जागा गुळगुळीत झाल्या होत्या. मानेवर कुणीतरी उच्छ्वास सोडल्यासारखं झालं. मागे बघायचं नाही असं ठरवून मी बाहेर बघितलं. धुक्यात थोडी फट पडली होती, आणि खाली तटावरून टॉर्चचा एक पिवळा ठिपका चालला होता. अशरफ. तो गुडघा धरून दहा पावलं चाले, थांबे, आणि ओरडे, "कोन हाय का? बाहेर या रे बाबांनो! पाच वाजायला आले! माझं विमान हाय!" मग परत दहा पावलं.

तो माझे बूट शोधत होता. जगात नसलेल्या चार माणसांना हा माणूस आखडलेल्या गुडघ्याने धुक्यात हाका मारत होता, आणि ती चारही माणसं माझ्या खिशात होती. भीती कुठल्या कुठे गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी जिन्यांवरून अक्षरशः घसरत तिसऱ्या मजल्यावर आलो, तिघींना घेतलं आणि खाली धावलो. दारापाशी अशरफ धापा टाकत पायरीवर बसला होता. मी सगळ्यांच्या समोर आठ पट्ट्या काढून त्याच्या पुढ्यात ठेवल्या आणि सांगून टाकलं. डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. चोरीच्या भीतीने.

 वीणाने माझ्याकडे पाठ केली. अक्षरा म्हणाली, "बाबा. माझ्या डोक्यावर हात ठेवला होतात." भाभींनी कपाळाला हात लावला. हे सगळं मी धरूनच चाललो होतो. पण अशरफ पट्ट्यांकडे बघत राहिला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, इथं चाळीस किलोमीटरात दुसरा मानूस नाय. चपला कोन चोरनार होता? मीच ना?"

मी चौदा वर्षं कागदांना उत्तरं देत आलो आहे. हा कागद नव्हता. "माफ करा," एवढंच म्हटलं.

पावणेपाच झाले होते. अशरफने मुदीरला फोन लावला. मी हिंदीत, अक्षराने इंग्रजीत आणि अशरफने अरबीत बूट समजावून सांगितले. पलीकडच्या माणसाला तिन्ही भाषांत ते पटलं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं: कॉम्प्युटरवर आठ आत गेलेत, आठ बाहेर आले पाहिजेत. आत गेलेला आकडा कमी करायची सोय नाही. आठ आले तर परमिट, नाही तर रविवारी चौकशी. फोन ठेवला.

रविवारी म्हणजे निकाहच्या दिवशी.

बाहेर पडायच्या वाटेवर फिरता दांडा होता, एका वेळी एक माणूस सोडणारा. खाली पायपट्टी, तिच्यावर वजन पडल्याशिवाय दांडा हलायचा नाही. अक्षराने हाताने ढकलून बघितला, ढिम्म. शेवटी तिनेच उपाय काढला: चौघांनी बाहेर पडायचं, मागच्या दाराने परत आत शिरायचं, तो लांब बोळ पार करायचा, आणि पुन्हा बाहेर पडायचं. चार दुणे आठ. एका क्षणात सगळे कामाला लागले. बूट निघाले, पायांत चढले. टक, टक, टक, टक. बोर्डावर चार.

धुक्यातून तटाला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. अशरफने कार्ड लावलं. भाभींनी आत डोकावून पाहिलं. दिवे मंद झाले होते, आणि बोळात, आम्ही सगळे बाहेर उभे असताना, फळ्या चिवचिवत होत्या.

"माहीनची शपथ घातलीत तरी मी नाय येनार," भाभी भिंतीला टेकल्या. "तुम्ही जावा, मी इथंच थांबते."

वीणा मात्र माझ्याकडे न बघता आत शिरली. एका हाताने अक्षराला धरलं होतं. मी मागून. तिघं जवळजवळ पळत गेलो. पाच. सहा. सात. पाचाला आठ मिनिटं कमी.

"आठवा मी," मी म्हणालो. कोणी नको म्हणालं नाही.

परत वळसा, परत कार्ड. दार मागे लागलं आणि मी एकटा उरलो. खरं सांगतो, त्या बोळात मी जो काही चाललो त्याला चालणं म्हणत नाहीत. माझ्या पावलाला चिव, आणि पुढे, माझ्या पुढे, दुसरी चिव. मी थांबलो की तीही थांबे. कागदी पडद्यांवर माझी सावली पडत होती. दुसरी पडत नव्हती. मी धैर्य एकवटून म्हणालो, "हे बघा, तुम्ही जे कोण असाल, मला फक्त बाहेर जायचंय. माणसाचं विमान आहे." पुढची पावलं थोडी घाईने वाजायला लागली. एकदा मागे वळावं तशी थांबली, आणि मग सरळ दाराकडे गेली.

मी दांड्यापासून चार हात लांब होतो. पायपट्टी दबली. मी पाहिली. दांडा फिरला. टक.

बोर्डावर आठ.

बाहेर एकच गलका. अशरफचा फोन वाजला. "तमाम, तमानिया, खल्लास!" म्हणजे आठ झाले, संपलं, असा मुदीरचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. लगेच फोनवर दुसरा टिंग झाला आणि भाभी ओरडल्या, "आलं! परमिट आलं!" अशरफ फोन कपाळाला लावून रडत होता, हे मला नंतर कळलं. त्याच मिनिटाला पाच वाजले आणि सगळ्या दारांची कुलपं आपोआप लागली.

"सुधीर, या ना आता," वीणाचा आवाज आला. राग गेलेला होता. "कुठे गेलात?"

"मी आतच आहे!"

बाहेर एकदम शांत झालं.

दांडा मला चालणार नव्हता. नववा झालो असतो. दारं बंद. उरली होती बोळाच्या भिंतीतली एक अरुंद खिडकी, जुन्या किल्ल्यांत शत्रूवर दगड टाकायला ठेवत तसली. तिच्यातून मी आधी डोकं, मग हात आणि मग बराच वेळ पोट असा बाहेर आलो. अशरफने आणि वीणाने एकेक हात धरून ओढलं. कोट फाटला. एक बूट आत पडला तो पडलाच. वीणाने मला चाचपून बघितलं, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या छातीवर डोकं ठेवलं.

"मग बाहेर कोण आलं?" अक्षराने विचारलं.

 अशरफ तटापाशी गेला. खाली धुक्यात शहराकडे जाणारा रस्ता होता, आणि त्याच्यावर काहीही दिसत नव्हतं.

"मी आलो तवा पहिल्या दिवसापासून हाय तो," अशरफ म्हणाला. "कोन, कुठला, ठाऊक नाय. बांधकामाच्या वेळचा आसंल कुनीतरी. रोज सांजचा लिफ्टनं वर जायचा, त्या खिडकीपाशी. तिथनं रस्ता दिसतो ना." त्याने डोळे पुसले. "पेटीत चप्पल कधी ठेवली नाय त्यानं. मग मोजनीत कसा येनार? आन् मोजनीत नसलेल्याला दार कोन उघडनार? आज तुम्ही चार जास्तीचे लिहिलेत, म्हनून एकाची जागा झाली."

पथकप्रमुख म्हणून मी विचारलं, "परत आला तर?"

"कशाला येईल वो साहेब? सुटलेला मानूस परत येतो का?"

त्याने केबिनमधून बॅग उचलली, भाभींनी गाठोडं घेतलं. आमच्याच गाडीतून तो शहरात येणार होता. मी एका बुटावर लंगडत गाडीपाशी गेलो. पाच वाजता टेकडीवरचे सगळे दिवे बंद करायचे, असा ऑफिसचा नियम होता. अशरफने एकेक करून सगळे बंद केले, आणि रस्त्याच्या वळणावरचा एक चालू ठेवला, धुकं फार होतं म्हणून.